पदराखालचे हेडफोन

॥ श्री ॥

रहिमतपूर, शुक्रवार, देवपूजा आटोपून

चि. मयूरी हिला राजेश्वरीकाकूचे पोटभर आशीर्वाद. तुझ्या बाबांना आणि जाऊबाईंना माझा नमस्कार सांग. आम्ही दोघं देवीच्या कृपेने सुखरूप आहोत. तुझ्या बाबांची शुगर, जाऊबाईंचा गुडघा आणि तुमच्या सोसायटीतलं पाणी ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करते.

पत्र बघून म्हणशील, काकूला फोन करता येत नाही का? येतो गं. पण फोनचं असं झालंय की, ते पुढे सांगते.

दसऱ्याच्या आधी तू पाठवलेले ते बिनवायरचे हेडफोन पोचले. सांगलीत नोकरी करणारी पोरगी स्वतःच्या पगारातून काकूला कीर्तन ऐकायला एवढी वस्तू पाठवते, याचंच मला दोन दिवस कौतुक पुरलं. (किंमत तू खोडली होतीस, पण पेनाची शाई ओल्या फडक्याने निघते. माझ्या वहीत मी तो खर्च ‘देवधर्म’ या सदरात तुझ्या नावाने पुण्य म्हणून मांडला आहे.) खंडेनवमीला विळा, मिक्सर आणि तुझ्या काकांची स्कूटर यांच्या रांगेत हेडफोनही पुजले. हळदीकुंकू वाहिलं आणि तिथेच चूक झाली. चार्जिंगच्या भोकात कुंकू गेलं. सुईने कोरून काढलं, तरी अजून वायर लावली की टोकाला सौभाग्य लागून येतं. पहिले आठ दिवस तर मी एकच कान झाकून ऐकत होते, दुसऱ्या बाजूची बॅटरी तेवढीच वाचेल म्हणून. (दहावीला विज्ञानात मला बेचाळीस मार्क होते, पण तेव्हा असलं काही पुस्तकात नव्हतं.) आपल्या क्रांतीनेच पाटणहून फोनवर समजावलं, “आई, दोन्ही कानांची बॅटरी एकच असते गं!” तेव्हापासून दोन्ही कान वापरते.

आता मुख्य प्रसंग. दर मंगळवारी संध्याकाळी मी देवळात अकरा माळा जप करते. पण देवळात बायका जमल्या की माळेपेक्षा गप्पा जास्त. कुणाची सून, कुणाचा ऊस, कुणाची ऊसतोडीची टोळी आली नाही. तू लिहून दिलं होतंस की त्या बारक्या बटणाने बाहेरचा आवाज बंद होतो. म्हटलं, बघू. हेडफोन कानाला लावले, वरून पदर घेतला (म्हातारपणी मिरवते असं कुणी म्हणायला नको) आणि मंद आवाजात नामाची धून लावून खांबाला टेकून बसले. काय सांगू बाई, अशी शांतता मला माहेरी विहिरीवर दुपारी एकटी असताना मिळायची, त्यानंतर पहिल्यांदा. डोळे मिटले. जरा डुलायला लागले असेन.

सातव्या माळेला क्रांतीचा फोन आला. बटण दाबलं आणि बोलले. आपलाच आवाज आपल्याला कमी ऐकू येत असल्यामुळे मोठ्याने बोलले असणार. विषय तिने नेसायला नेलेल्या माझ्या हिरव्या साडीचा. मी म्हटलं, “कबूल केलेली हिरवी साडी कधी आणून देणार? तीन वर्षं झाली वाट बघून. नुसती तोंडाने हो म्हणतेस. आता मीच तुझ्या दारात येऊन उभी राहते!”

डोळे उघडले तर समोर अंबूबाई हात जोडून उभी आणि माझ्या पायांवर कुंकवाचा ढीग. झालं होतं ते असं, की अंबूबाईने नातू झाला तेव्हा देवीला हिरवी साडी बोलली होती आणि तीन वर्षं टोलवत आली होती. बायकांना वाटलं, राजेश्वरीच्या अंगात आलं. सगळ्यांची तोंडं हलत होती, कुणी मला काहीतरी विचारत होतं, कुणी रडत होतं, आणि मला ऐकू येत होती फक्त नामाची धून. (फोन ठेवला की ती आपोआप पुन्हा सुरू होते.) मी आपली हसले आणि मान डोलावली. बनुबाई काहीतरी बोलली, तिलाही मान डोलावली. नंतर कळलं, तिने विचारलं होतं, “सुनेला वेगळं काढू का?” ते निस्तरायला मला तिच्या घरी तीन फेऱ्या घालाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाईने देवीला साडी नेसवली. मी खरं सांगायला गेले, पदर बाजूला करून वस्तूही दाखवली. तर ती म्हणते, “आवं काकी, देवीला बोलायचं असंल तर ती फोनवरनं न्हाई बोलायची व्हय?” देवीची मी दोन नारळ फोडून क्षमा मागितली.

पण मयूरी, त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढून ती हलणारी तोंडं जाईनात. सगळे बोलतायत, आपल्याला काही ऐकू येत नाही, आणि आपण हसून मान डोलावतोय. असं करताना मी कुणाला तरी रोज बघते, असं सारखं वाटत होतं. सकाळी चहा देताना लक्षात आलं. तुझे काका.

तोफखान्यात अठरा वर्षं काढलेला माणूस. कान गेलेत हे घरात सगळ्यांना माहीत, त्यांना सोडून. “माझं कान ठणठणीत हायत, तुमीच पुटपुटता,” हे ठरलेलं. भजनात जायचं सोडलं, पारावर बसायचं सोडलं. लोक म्हणाले, मिलिट्रीची घमेंड. मीसुद्धा म्हटलं. क्रांतीचा फोन आला की “हां हां, बरं हाय, घे, आईशी बोल,” एवढंच. मला वाटायचं, या माणसाला लेकीची मायाच नाही.

त्या दिवशी क्रांतीचा फोन चालू असताना मी मागून जाऊन हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि आवाज शेवटापर्यंत नेला. आधी ते दचकले. मग क्रांतीला म्हणाले, “अगं, हळू बोल की!” त्यांनी दुसऱ्या कुणाला हळू बोल म्हटलेलं मी दहा वर्षांत ऐकलं नव्हतं. मग नातीने फोन घेतला. पाच मिनिटं ते नुसते ऐकत होते. फोन ठेवल्यावर मला विचारतात, “पोरीला र म्हणता येत न्हाई व्हय गं?” पोरगी पाच वर्षांची होत आली. मी म्हटलं, नाही येत. तर म्हणाले, “लय गोड वाटतंय,” आणि उसाला पाणी पाजायला निघून गेले. हेडफोन डोक्यावर तसेच.

ते अजून परत मिळालेले नाहीत. उसात, गोठ्यात, अंघोळीच्या दारापर्यंत तेच. क्रांतीशी रोज अर्धा तास बोलतात. तुझे उपकार मी कुठल्या सदरात मांडू ते मला कळत नाही. वहीत दोन ओळी लिहिल्या आणि बाकीचं पान रिकामं सोडलं.

तुझी,
राजेश्वरीकाकू

ता. क. तू पुन्हा दुसरे हेडफोन पाठवशील, तसं करू नकोस. मला बाहेरचा आवाज आता ऐकावासा वाटतो. रिकाम्या खोक्यात सुया-दोरे छान बसलेत.

ता. क. दुसरा, आणि खरं पत्र इथून पुढे. हेडफोनमधून फक्त फोन ऐकू येतो, समोरचा माणूस नाही. त्यावर तुझ्या काकांनी तोड काढली आहे, की मी स्वयंपाकघरातून त्यांच्या मोबाईलवर फोन करायचा. “जेवायला या” हे मी चार दिवस फोनवरून सांगतेय. असं किती दिवस चालणार? तुमच्याकडे सांगलीत कानाच्या चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत म्हणालीस ना, त्यांची वेळ घे. पण कानाचं मशीन म्हटलं की हे “ते म्हाताऱ्यांना” म्हणून उठून जातात. तेव्हा तू असं कळव, की हेडफोन लावून काकूच्या कानात दडा बसलाय, तपासायचंय, आणि काकांनी सोबत यावं. तिथे पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी आधी सोबतच्या माणसाला खुर्चीत बसवायचं. हे फोनवर सांगण्याची सोय नाही, कारण माझाही फोन आता त्यांच्याच कानात वाजतो. म्हणून पत्र.

ता. क. तिसरा. हे अक्षर माझं, तुझ्या काकाचं. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलं आणि पाकिटाला डिंक कमी लावला, तिची काटकसर. वाचलं. मंगळवार सोडून कवाची बी वेळ घे, मंगळवारी तिचा जप असतो. कान तिचंच तपासायचं असंच कळव, तिनं एवढं जुळवून आणलंय, मोडायला नको. मी न कुरकुरता खुर्चीत बसंन. मशीन लावायचं म्हणल्या तर लावंन बी. ती रोज दिवा लावून देवापुढं काय पुटपुटते ते दहा वर्षं मला ऐकू आलं न्हाई. माझंच काय मागत असंल तर एकदा ऐकू दे.