धाकटीच्या पत्रातली एक ओळ

अप्पा, हे मी देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे उद्या कोणाच्या हाती लागलं तरी भीती नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आपल्या या गल्लीत अजून सात-आठ मराठी घरं आहेत. घरात सगळे मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं काढतात. देवनागरी लिहिणारी मी एकटी उरले आणि ते तुमच्यामुळे. तुम्ही राजवाड्यातल्या ग्रंथालयात जुन्या मराठी कागदांच्या नकला करायचात, आणि घरी आलात की मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाटी देऊन बसवायचात. आत अम्मा डांगर पचडीला फोडणी द्यायची, मोहरी तडतडायची, माझं लक्ष तिकडे गेलं की तुमची पट्टी बोटांवर. धाकटी मात्र अंगणात सागरगोटे खेळत असायची. एकदा मी विचारलं, तिला का नाही बसवत? तुम्ही म्हणालात, "ती लहान आहे, खेळू दे की." अप्पा, ती माझ्याहून दोनच वर्षांनी लहान होती. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि त्या दिवशी मी तिचे दोन सागरगोटे विहिरीत टाकले. तुम्हाला वाटलं कावळ्यानं नेले. कावळा सागरगोटे कशाला नेईल?

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण आहे, ते सांगते. पण आधी मस्कतचं सांगू दे, कारण ते तुम्ही मला कधी नीट विचारलंच नाहीत. अम्मा गेल्यानंतरच्या वर्षी मी गेले. लॅबची परीक्षा पास झालेली, तिथल्या एका इस्पितळात रक्त तपासायची नोकरी. चार वर्षं होते. मला तिथं काय आवडलं विचाराल तर हसू येईल तुम्हाला. माझ्या खोलीची किल्ली. ती माझ्या पर्समध्ये असायची आणि दार उघडून आत गेलं की कोणी विचारायचं नाही, एवढा वेळ कुठे होतीस. सोबतीला साताऱ्याची एक नर्स होती. माझी मराठी ऐकून ती पोट धरून हसायची, म्हणायची, "अगं, तू बोलतेस की पोथी वाचतेस?" तिच्यामुळेच मी त्यांच्यासारखी मराठी बोलायला, लिहायला शिकले. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघी बंदरावर फिरायला जायचो. हातात आंब्याच्या रसाचा डबा, समोर बोटींचे दिवे. तंजावूरच्या गल्लीत मी कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी नात, कोणाची तरी न झालेली सून होते. तिथं माझ्या पांढऱ्या कोटावर माझं नाव होतं आणि लोक मला त्याच नावानं हाक मारायचे.

मग समोरच्या मामींचा फोन आला, कोपऱ्यावर नवीनच उघडलेल्या एसटीडी बूथवरून. काचबिंदूनं तुमची नजर जवळजवळ गेली होती, सायकलवरून पडला होतात, आणि कोणाला कळवू नका म्हणून मामींना दम दिला होतात. धाकटी तिरुचीला वसतिगृहात, माझाच लॅबचा कोर्स करत होती, परीक्षा तोंडावर. घरात तुम्ही एकटे. मी महिन्याभरात राजीनामा देऊन आले.

स्टेशनवरून ऑटो गल्लीत शिरते आहे. तुम्ही तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर बसला आहात. आवाजावरून मला ओळखता. मी पाया पडते. तुम्ही विचारता, "किती दिवसांची रजा?" मी म्हणते, कायमची आले, अप्पा. तुम्ही म्हणता, "तुला कोण बोलाविलं?"

एवढंच. चार वर्षांनी घरी आलेल्या मुलीला एवढंच! मी बॅग आत नेली, चूल पेटवली, तुम्हाला कॉफी करून दिली. तुम्ही ती प्यायलात आणि कॉफी पातळ झाली म्हणालात. नंतर मामींनी सांगितलं, तुम्ही रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, माझी मोठी मस्कतला आहे. मी आले आणि तुमचं ते सांगणंच बंद पडलं. मला तेव्हा वाटायचं, मी आल्याचं दुःख तुम्हाला डोळे गेल्याच्या दुःखापेक्षा जास्त आहे.

सहा महिन्यांत धाकटी पास झाली. माझी मस्कतची जागा अजून भरली नव्हती, तिथल्या लॅबच्या मुख्य बाईंनी मला लिहिलं होतं, तू येत नसशील तर घरातली कोणी पाठव. मी ते पत्र तुम्हाला वाचून दाखवलं. का दाखवलं? मला वाटलं, तुम्ही म्हणाल, धाकटी राहील इथं, तू परत जा. अगदी तेवढ्यासाठी दाखवलं. तुम्ही म्हणालात, "मग धाकटीला पाठव. दोघींपैकी एक तरी तिथं असू दे." मी पाठवली. माझी बॅग तिला दिली, माझा कोट तिला दिला, बंदरावर कुठल्या टपरीत रस चांगला मिळतो तेही सांगितलं. विमानतळाला जाणाऱ्या बसमध्ये बसवून आले आणि घरी येऊन तुमच्यासाठी पिठलं केलं. त्यात मीठ घालायला विसरले, म्हणून तुम्ही ताट सरकवलंत.

तुमच्या लक्षात आलं होतं का, अप्पा, की मी जळत होते? त्या वर्षांत इथं सगळं बदलत होतं. गल्लीत केबलच्या तारा आल्या, मामींच्या मुलानं नवी स्कूटर घेतली, कम्प्युटर शिकवणाऱ्या क्लासची पाटी देवळाच्या वाटेवर लागली. जो तो मला सांगायचा, आता परदेशात जायचंच कशाला, सगळं इथंच मिळतं. मला काही मिळवायचं नव्हतं हो! मला जायचं होतं. मी जुन्या बसस्टँडजवळच्या लॅबमध्ये लघवीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची आणि मनात म्हणायची, आत्ता ती माझ्या खुर्चीवर बसली असेल.

तिची पत्रं दर पंधरा दिवसांनी यायची. तुमच्यासाठी ती मराठीत लिहायची, पण अक्षरं तमिळ, कारण तिला पाटी कधी मिळालीच नव्हती. तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून वाचायची मी. ते वाचन म्हणजे मोठा सोहळा असायचा. दिवेलागण झाली की तुम्ही धुतलेलं उपरणं घेऊन तिण्णैवर बसायचात. मामी समोरून यायच्या, येतानाच विचारायच्या, "काय लिहिली आहे धाकटी?" आणि मी उभी राहून वाचायची, शाळेतल्या पोरीसारखी. ती गमतीनं लिहायची. इजिप्तच्या डॉक्टरची नक्कल, उंटाच्या मांसाची गोष्ट. तुम्ही हसायचात. मी आल्यापासून घरात तुम्ही माझ्या कुठल्याही बोलण्यावर तसे हसला नव्हतात. मस्कतच्या गोष्टी माझ्याकडेही होत्या की! मी सांगायला लागले की तुम्ही म्हणायचात, "ते असू दे, रेडिओ लाव."

मग मी गाळायला लागले. आधी थोडं. "अप्पा, तुमची फार आठवण येते," हे वाक्य असलं की मी ते खायची. विनोद असला तर असा सपाट वाचायची की मामीसुद्धा हसायच्या नाहीत. एकदा तिनं लिहिलं होतं, अक्का घरी आहे म्हणून मी इथं निर्धास्त आहे, अक्कासारखं मन माझ्यात नाही. ते मात्र मी दोनदा वाचलं. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "पुढं काय लिहिली आहे?"

दिवाळीच्या आधीचं ते पत्र. मी लॅबमधून येताना पोस्टातून घेतलं आणि वाटेतच फोडलं, नेहमीप्रमाणे. तिनं लिहिलं होतं, अप्पा, माझं इथं मन लागत नाही. खोलीत एकटं बसवत नाही, रोज रडू येतं. तुम्ही एकदा ये म्हणा, मी पुढच्या महिन्यात येते. अक्काला इथलं फार आवडायचं, मला ठाऊक आहे. तिची जागा मी तिला परत देते, बाईंशी बोलले आहे, त्या हो म्हणाल्या.

बघा अप्पा. मला जे हवं होतं ते सगळं त्या चार ओळींत होतं. माझी खुर्ची, माझी किल्ली, माझा गुरुवार. मी फक्त ते मोठ्यानं वाचायचं होतं. मी तिण्णैसमोर उभी राहिले, तुम्ही उपरणं सारखं केलंत, मामी पाय पसरून बसल्या. मी वाचत त्या ओळीपर्यंत आले आणि तुमच्या तोंडाकडे बघितलं. मला एकदम कळलं की आता तुम्ही ये म्हणाल. धाकटी येते म्हटल्यावर तुमचा चेहरा फुलेल, मामींना पेढे आणायला सांगाल. माझ्या वेळी विचारलंत तसं तिला विचारणार नाही, तुला कोण बोलाविलं. ते मला बघवलं नसतं. मरून गेले असते मी. मी वाचलं, "इथं सगळं ठीक आहे, काळजी करू नये."

तुम्ही म्हणालात, "शहाणी आहे पोर."

त्याच संध्याकाळी तुम्ही उत्तर सांगायला बसलात आणि मी लिहायला. तुमची पत्रं नेहमी एखाद्या उपदेशानं संपायची. तुम्ही सांगितलंत, "तिथं नीट राहा, घाई करून येऊ नको." दिवाळीच्या रजेबद्दल म्हणत होतात तुम्ही, बिचारे. तुम्हाला काय माहीत ती काय विचारते आहे. मी ते शब्द तिला वाचता येतील अशा तमिळ अक्षरांत जसेच्या तसे लिहिले. एकही अक्षर बदललं नाही, बदलायची गरजच पडली नाही. सकाळी लॅबला जाताना पेटीत टाकलं. मनात म्हटलं, मी कुठे खोटं लिहिलं? अप्पांनीच सांगितलं तसं लिहिलं. किती दिवस मी हेच स्वतःला सांगत होते, विचारू नका.

त्यानंतर तिनं परत यायचा विषय कधी काढला नाही. वर्षभरानं तुम्ही गेलात, ती पोचली तेव्हा तुमचं सगळं झालं होतं. तेराव्याचं जेवण उरकल्यावर आम्ही दोघी मागच्या पडवीत केळीची पानं गोळा करत होतो. ती म्हणाली, "अक्का, मी अप्पांना येऊ का म्हणून विचारले होते, आठवतं का? ते येऊ नको म्हणाले. तेव्हा मी फार रडले गं. पण बरं झालं. अप्पांना माझं भलं कळत होतं." मी पानं उचलत राहिले. तिनं विचारलं, "ते वाचून दाखवलीस तेव्हा काय म्हणाले?" मी म्हटलं, शहाणी आहे पोर, असं म्हणाले. ती माझ्या गळ्यात पडून रडली. हे तरी खरं होतं, अप्पा. म्हणाला होतात तुम्ही.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. ती तिथंच आहे, आता त्या लॅबची मुख्य आहे. मी जुन्या बसस्टँडजवळच. एक दिवस असा गेला नाही की मला तिकडची आठवण आली नाही आणि एक दिवस असा गेला नाही की मी तिच्यावर जळले नाही. तिचे फोटो येतात, मी आधी तिच्या मागचा समुद्र बघते, मग तिला.

गेल्या सोमवारी तिचा फोन आला. म्हणाली, "अक्का, आमच्याकडे जागा आहे, तुझं नाव दिलं मी. वयाची अट आहे, या वर्षी नाही तर कधीच नाही. तू अप्पांसाठी सगळं सोडून गेलीस, आता माझी पाळी. नाही म्हणू नको." काय हे तिचं मोठं मन! तेही मला सहन होत नाही. देण्यासारखं तिच्याजवळ असतं आणि ती देते. मी एकदा धरलं तर सोडत नाही. मी विचार करते म्हणाले. फोन ठेवला आणि तीन दिवस ठरवत राहिले, की आधी तिला सगळं सांगायचं, मग ती अजूनही ये म्हणाली तरच जायचं. सांगितल्यावर ती नाही म्हणेल, असं मला वाटत नाही. पण म्हणालीच तर? तिथं कायमचं दार लागलं माझं. चौथ्या दिवशी मी फोन केला, हो म्हटलं आणि दुसरं काही बोलले नाही.

तुम्ही असता तर तुमच्या पायाशी बसून हे वाचलं असतं, एक ओळ न गाळता. आता कुठे पाठवू? पाटीसारखं पुसताही येत नाही. बॅगेत तळाशी ठेवून घेऊन जाईन. तिला देवनागरी येत नाही, ते बरं आहे.

आज पासपोर्टसाठी फोटो काढायला गेले होते. फोटोवाला तीनदा म्हणाला, मॅडम, हसू नका, हसलेला फोटो चालत नाही. अप्पा, मला हसू आवरतच नव्हतं.