टिंब गेलेली ‘ती’

मंगळवार, ४ मार्च

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. उभी असशील तर आधी बस. तुमच्या त्या जुन्या संपावर ज्ञानकोशात लेख आलाय! दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासून झाल्या की संध्याकाळी मी इंटरनेटवरच्या ज्या ज्ञानकोशात लुडबुड करते, तोच. कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं. बस बाहेर काढायला तुम्ही चालकांनी दिलेला नकार, आगाराचं बंद फाटक, सगळं आहे त्यात. मी अशी ओरडले की गिऱ्हाइकाच्या हातून चष्मा पडला.

मग नीट वाचलं आणि डोकं फिरलं. ‘महापौरांनी स्पष्ट केले, ते म्हणाले.’ आणि तू? ‘एका चालक महिलेने ब्रेक खराब असल्याचा कांगावा केला. ती चिथावणी देत होती.’ मायन्यात मी तुला ‘ती.’ लिहिते ते टिंबासकट, तीर्थरूप म्हणून. तिथे टिंब गेलं आणि तू नुसती ‘ती’ राहिलीस.

त्या माजी महापौरांची मुलगी यंदा निवडणुकीला उभी आहे, म्हणून त्यांचे लोक लेखाला चिकटलेत. दुसरा गट त्यांचं पुसून तुला ‘झुंजार रणरागीणी’ करतो. रविवारपर्यंत एकमत झालं नाही तर प्रचालक, म्हणजे तिथला देखरेख करणारा, पानाला कुलूप घालणार. त्या क्षणी जे असेल तेच राहील. मी चर्चेच्या पानावर सांगून टाकलंय की ही माझी सख्खी आत्या. तेव्हा लेखाला हात लावणार नाही, पुरावे तेवढे मांडेन.

आणि एक विचारू? ‘रणरागिणी’तला गि दीर्घ काढणारं आपल्या घरात एकच माणूस आहे.

रागावलीस तरी लोभातली समजावी,
खार

शुक्रवार, ७ मार्च

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

हो, मीच! शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं आणि चहा निवायच्या आत मी रणरागीणी झाले. कोणीतरी पुसलं. मी परत लिहिलं. परत पुसलं, परत लिहिलं. इतकी मजा तर बस चालवतानाही आली नव्हती. गी चुकली असेल, बाई चुकलेली नाही.

पण कांगावा? उतारावर पेडल तळाला टेकायचं आणि बस आपली पुढेच. आत बसायला जागा नाही इतकी माणसं. ती खोटं बोलली, असं माझ्यामागे लोकांनी वाचायचं का? चिथावणी म्हणा, भांडखोर म्हणा, ऐकून घेईन. खोटारडी म्हटलेलं मात्र फार लागलं गं.

आणि तू हात लावणार नाहीस! माझ्या मांडीवर बसून स्टिअरिंग फिरवणारी कार्टी, आता म्हणे तटस्थ. तू नक्की कोणाच्या बाजूची, तेवढं कळव.

फुगून बसलेली, तरी तुझीच,
आत्या

सोमवार, १० मार्च

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

जमलं, आत्या, जमलं! कुलूप पडायच्या आत!

शनिवारी अर्धी रजा टाकून वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं उपसली. शिंका देऊन देऊन नाक लाल झालं, पण चौकशीची बातमी सापडली. ती चर्चेच्या पानावर मांडली. महापौरांच्या बाजूचा ‘सरळरेघ’ नावाचा एक गडी हटून बसला होता. त्यालाही विचारलं की एकाने केलं ते स्पष्टीकरण आणि दुसऱ्याने केला तो कांगावा, हे कुठलं माप? शेवटी तोच म्हणाला की सगळ्यांना ‘म्हणाले’ आणि ‘म्हणाल्या’ लावू. त्याला मिठी मारावीशी वाटली!

मसुदा मी चर्चेच्या पानावर लिहून दिला, लेखात त्यानेच चढवला. आता मजकूर असा आहे: ‘ब्रेक निकामी असल्याने बस चालवणार नाही, असे चालक महिला म्हणाल्या. आगाराच्या मेकॅनिकने बस तपासली होती. ब्रेक धोकादायक असल्याचे त्याने आधीच कळवले होते. चौकशीत हे खरे ठरले.’ खरे ठरले, आत्या!

आता रागाव. वर्तमानपत्राच्या त्याच पानावर छापलंय की महापौर स्वतः आगारात आले, बसमध्ये बसून उतारावर गेले आणि परत येताच त्यांनी सगळ्या बस थांबवल्या. हे चर्चेतल्या कोणालाच माहीत नव्हतं, त्यांच्या लोकांनाही नाही. निवडणूक तोंडावर आहे, गप्प बसता आलं असतं. मी तेही मांडलं. रणरागिणीही गेली, ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही.

मी कोणाच्या बाजूची, ते अजून नीट सांगता येत नाही. पत्र टाकशील ना?

उत्तराची वाट बघत,
खार

शुक्रवार, १४ मार्च

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

महापौरांचं वाचून कप आपटला. कान तुटला त्याचा. पण ते बसले होते ती बस मीच चालवत होते. उतारावर त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि डोळे मिटले. घडलं ते घडलं. राहू दे.

‘म्हणाल्या’ मात्र डॉक्टरीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, मग जिन्यात भेटेल त्याला. मला इतका आनंद झालाय म्हणून सांगू!

पण खारे, ‘त्याने कळवले होते’? तो कोण? बसखाली उताणे पडून, तोंडावर तेल झेलत ते ब्रेक बघायचे. वयाने माझ्याहून मोठे. आम्ही चालक त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी सांगितलं नसतं तर मी बस काढली असती. महापौरांचे लोक, माझे लोक, तुझा सरळरेघ, कोणाच्याच नजरेस आलं नाही. आणि लिहिलं कोणी, तर लोकांना नीट दिसावं म्हणून जिला पगार मिळतो तिने.

ते आपल्या नात्यातले नव्हते. तेव्हा हे तुझ्या हाताने दुरुस्त कर. आजच.

टिंबासकट तीर्थरूप,
आत्या