पाण्याची चव

मु. पिंपळखेड, ता. अकोट
१२ नोव्हेंबर १९६३

ती. दादास,
वच्छलाचा सा. जयभीम वि. वि.

मी खुशाल आहे. वस्तीत दुर्गाबाईंकडे खोली मिळाली. सकाळी शाळेत निघते तेव्हा वेचणीवाल्या बायांच्या ओट्यांतून निसटलेला कापूस वाटेवर तरंगत असतो, आणि आपले पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटून राहते. आई म्हणते ते खरं, मी जागेपणीच झोपेत चालते.

आता काळजीचं. माझ्या तिसरीत जमुना आहे, शेजारच्या पुंजाजींची लेक. दुसऱ्यांदा तिसरीत बसली आहे. विहिरीवर तिचं तोंड बंद राहत नाही, वर्गात मात्र अक्षर नाही. मोठे गुरुजी वामनराव म्हणाले की ते डोकंच रिकामं आहे. दुर्गाबाईंनी वेगळंच सांगितलं. मागच्या साली गुरुजींनी पाण्याचे गुण विचारले. पुस्तकात आहे की पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. जमुना म्हणाली की पानी खारं असते. छडी बसली. पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा बसली. तिथून ती गप्प झाली.

दादा, खोटं काय बोलली ती? या खारपट्ट्यात वस्तीच्या विहिरीच्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही. गोड विहीर गावात एकच, खुशालराव पाटलांच्या मळ्यात. वामनराव तिचंच पाणी पितात. वस्तीतलं कोणी तिथं बादली सोडत नाही.

पुंजाजी म्हणतात, मुकं बसण्यापेक्षा पोरगी कापूस वेचेल, तिचं नाव काढतो. तू तिकडे शिकवायचं शिकून राहिला ना? मग सांग, काय करू?

तुझी,
वच्छी

---

अमरावती
२० नोव्हेंबर १९६३

चि. वच्छीस,
देवमनचे अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घेऊन दोन दिवस हिंडतो आहे. आमच्या ट्रेनिंग कॉलेजात एक जुनं मत शिकवतात, की बक्षिसानं आणि शिक्षेनं सवय लागते. वाचताना कोरडं वाटलं होतं. पण तुमच्या गुरुजींनी जमुनाला दोन छड्यांत गप्प राहणं शिकवलंच की! इतका पक्का धडा मी कोणाला देऊ शकेन असं वाटत नाही.

दुसरं मत मला आवडतं. लेकरू कोरी पाटी घेऊन येत नाही. जगाबद्दल त्यानं आपलं आपण काहीबाही रचलेलं असतं, आणि नवं ज्ञान बसलं तर त्या रचनेवरच बसतं. आपण वरून ओतलं तर ते वाहून जातं. म्हणून आधी सांगू नये. हाताळू द्यावं, चाखू द्यावं, आपसात भांडू द्यावं, आणि त्याला काय वाटतं ते विचारावं.

आता हस. हेच मत मी सरावपाठात पाऊण तास फळ्यापुढे उभं राहून समजावलं. मुलं जांभया देत होती. परीक्षकांनी शेरा दिला की सांगू नये हे आपण फारच सांगितलंत. तेव्हा माझ्यापेक्षा तूच करून पाहा.

थंडीत कान बांधत जा. माया आहेच.

तुझा,
दादा

---

पिंपळखेड
९ डिसेंबर १९६३

ती. दादास, सा. जयभीम.

करून पाहिलं. प्रत्येकाला घरचं पाणी तांब्यात आणायला लावलं. पाटलांचा नातू चंद्रभान मळ्यातलं घेऊन आला. सगळे तांबे ओसरीवर मांडले, आणि ज्यानं त्यानं ओंजळीत घेऊन चाखलं. चंद्रभाननं वस्तीचं पाणी थुंकलंच. मग जमुनाकडे वळून म्हणाला की तुमी हे रोज पेता? त्याला खरंच ठाऊक नव्हतं. जमुनानं मळ्याचं पाणी तोंडात धरून ठेवलं, गिळायलाच तयार होईना.

उरलेलं पाणी ताटल्यांत ओतून उन्हात ठेवलं. ते आटलं तेव्हा काही ताटल्यांत पांढरी साय राहिली. ही आली कुठून, एवढंच मी विचारलं. कोणी म्हणालं विहीर रडते. चंद्रभान म्हणाला की जमिनीत कोणी मिठाची पोती पुरली असतील. मग कोपऱ्यातून जमुनाचा आवाज आला, इतका बारीक की आधी मला भास वाटला. तिचं म्हणणं, खाली समुद्र निजला असंल, आन् इहीर म्हंजे त्याचं नाक. दादा, बाहेर ऊन धुक्यासारखं पसरलं होतं आणि सगळा वर्ग जमिनीला कान लावून त्याचा श्वास ऐकत होता. मीही ऐकला.

बरोबर की चूक ते सांगितलं नाही. कसं शोधू या, इतकंच विचारलं.

पण पाटलांच्या घरी कळलं. मास्तरणीनं आमच्या पोराला वस्तीचं पाणी पाजलं, अशी तक्रार गेली आहे. जानेवारीत तपासणीचे साहेब येणार, आणि माझी नोकरी अजून कच्ची.

तुझी,
वच्छी

---

अमरावती
१६ डिसेंबर १९६३

चि. वच्छीस, अ. आ.

भाऊ म्हणून सांगतो, तपासणी होईपर्यंत पाढे घे आणि पाण्याचं नाव काढू नको. आपल्या घरात पगार आणणारी तू एकटी आहेस, आणि मी अजून शिकतोच आहे.

शिक्षक म्हणून मात्र हे माझ्याच्यानं सांगवत नाही. काय करायचं ते तू ठरव. मी तुझ्याच बाजूनं आहे.

तुझा,
दादा

---

पिंपळखेड
५ फेब्रुवारी १९६४

ती. दादास,
सा. जयभीम वि. वि.

पाढे घेतले, पाणीही सोडलं नाही. साहेब आले. वामनरावांनीच त्यांच्या हाती पुस्तक उघडून दिलं असावं, कारण साहेबांनी पहिलाच प्रश्न केला की पाण्याची चव कशी असते. वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी खिडकीबाहेर पाहिलं, नाहीतर माझ्या डोळ्यांनी उत्तर सांगितलं असतं. जमुना उभी राहिली. परकराची किनार मुठीत धरून तिनं विचारलं, कोन्त्या इहिरीचं पानी, सायेब?

वामनरावांचा चेहरा उतरला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि दोन्ही विहिरींचं पाणी आणायला सांगितलं. दोन्ही प्याले. वस्तीचं पिताना थांबले, पण पेला रिकामा केला. शेरा लिहिला की पाठांतर कमी, मुले उलट प्रश्न विचारतात. ही बोलणी की शाबासकी, ते काल हुकूम आला तेव्हा कळलं. नोकरी पक्की झाली. पण तक्रार होती म्हणून जूनपासून माझी बदली मूर्तिजापूरकडे केली आहे. थोडी रडले, तुझ्यापासून काय लपवू.

आणि सोमवारी पुंजाजी शाळेत आले. मला वाटलं, नाव काढायलाच आले. ते दुपट्टा मांडीवर घेऊन मागे पोरांतच बसले, आणि म्हणाले की मोठ्या मानसानं इचारलं तं चालते का? लहानपणी ढोरं राखताना त्यांना एक कोडं पडलं होतं, दिवसा चांदण्या कुठी जातात? विचारावं असं कोणी भेटलंच नाही.

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात जमुना बसल्या जागी मागे वळली आणि तिनं बापाला विचारलं, तुमाले काय वाटते, बाबा?

पुंजाजी छताकडे पाहत विचार करू लागले. वर्ग थांबून राहिला.

आईला सांभाळ. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
वच्छी