पुठ्ठ्यातून पार जाणारी पल्स

३ फेब्रुवारी
संचालकांनी बोलावलं. म्हणाले, महिनाअखेरपर्यंत जोरदार टेराहर्ट्झ पल्स दाखवा, नाहीतर लेझर डोळेवाल्यांना. समोरच्या खोलीत डोळ्यांच्या पडद्यावर संशोधन चालतं. तिथल्या प्रमुख बाई माझा लेझर बघून जातात, स्थळ बघायला आल्यासारख्या.
वाईट वाटायला हवं होतं. चहा प्यायलो.
निश्चय: उद्यापासून आठच्या ठोक्याला लॅबमध्ये.

४ फेब्रुवारी, पावणेदहा
आत्ताच पोचलो. सकाळी बायकोला विषय समजावण्यात वेळ गेला. लेझरची अतिसूक्ष्म पल्स क्रिस्टलवर मारायची, क्रिस्टलमधून टेराहर्ट्झ किरण निघतो. कागदातून, कापडातून आरपार जातो. धातू आणि पाण्याची वाफ मात्र त्याला अडवतात. तिने विचारलं, दिसतो का? नाही. ऐकू येतो? नाही. मग आहे हे कशावरून? म्हटलं, डिटेक्टर सांगतो. ती म्हणाली, चला, तुम्हाला सांगणारं कुणीतरी भेटलं.

७ फेब्रुवारी
सिग्नल आला! शंकाला विज्ञान आणि धैर्य या विषयावर चार शब्द सुनावत होतो. शंका म्हणजे माझी संशोधक विद्यार्थिनी. तिचं प्रत्येक वाक्य ‘पण सर’ने सुरू होतं, म्हणून हे नाव. ऐन रंगात आलो आणि स्क्रीनवर डोंगर उभा राहिला. लगेच क्रिस्टल आणि डिटेक्टरच्या मध्ये पुठ्ठा धरला. डोंगर जागच्या जागी! पुठ्ठ्यातून पार गेला, म्हणजे टेराहर्ट्झच. शंका म्हणाली, पण सर, एकदा स्टीलची पट्टीही धरून बघू या. म्हटलं, बाई गं, यशाची झडती घ्यायची नसते.
आनंद झाला असावा.

११ फेब्रुवारी
घसा बसला. डॉक्टर म्हणाले, तोंडातून शब्द काढू नका. कागदावर लिहून कारभार चालू आहे. सिग्नल शून्य. कारण उघड आहे: दमट हवा. वाफ टेराहर्ट्झ गिळते हे शेंबडं पोरही सांगेल. कोरड्या हवेचा पंप मागवला.

१४ फेब्रुवारी
घसा सुटला. पंपही आला. सिग्नल दुप्पट! पंपाची किमया, असं शंकाला तासभर समजावलं. ती म्हणाली, पण सर, पंप अजून खोक्यात आहे. म्हटलं, मग हवा आपली आपण सुधारली. श्रेय कुणालाही जावो, मी ते लाटणाऱ्यांतला नाही.

१९ फेब्रुवारी
शंकाचं पट्टीपुराण चालूच. पण सर, डिटेक्टर हादऱ्यांनीही हलतो. म्हटलं, इथे हादरा देणारं आहे कोण?
पट्टीचं सोमवारी बघू. नक्की.

२४ फेब्रुवारी
सोमवार. भाषणाची तयारी. पट्टी राहिली.

२७ फेब्रुवारी
प्रात्यक्षिक झालं. संचालक, डोळेवाल्या बाई, शंका हजर. मी अज्ञाताला आव्हान देण्यापासून सुरुवात केली. डोंगर पार स्क्रीनच्या वर. पुठ्ठा धरला, डोंगर तसाच. संचालकांनी मान डोलावली. तेवढ्यात बाईंनी शेजारच्या ट्रेचं स्टीलचं झाकण उचलून वाटेत धरलं. डोंगर तसाच. मी गरजलो, हा तर त्याहून मोठा शोध, धातूतूनही पार! डोंगर आणखी चढला.
शंका म्हणाली, पण सर, लेझर सकाळपासून बंद आहे. त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी गळत होती. आल्या आल्या सांगितलं मी तुम्हाला.
सांगितलं असेल. मी तेव्हा बोलत होतो.
कुणी काही बोलेना. स्क्रीनवर सरळ रेषा. शंकाने खुलासा केला की मोठ्या आवाजाने डिटेक्टरमधली पातळ चकती थरथरते. संचालकांनी मला विचारलं, काही बोलायचंय? मी हो म्हणालो. तेवढ्या ‘हो’एवढी टेकडी उठली आणि बसली. बाई हसल्या. शंका हसली नाही. तेच जास्त लागलं असतं, काही लागत असतं तर.

३ मार्च
लेझर न्यायला माणसं आली. तो बसवलेलं टेबल दारातून जाईना. वर शंका म्हणाली, हलवलं तर सगळे आरसे बिघडतील, पुन्हा जुळवण्यात वर्ष जाईल. ती आता डोळेवाल्यांकडे आहे. म्हणणं बरोबर होतं, मीच शिकवलेलं.
संचालकांनी तोडगा काढला: लेझर राहू दे, यांना हलवा. मी दारातून सहज गेलो. जिन्याखालची खोली, खिडकी नाही, पण शांत आहे.
बायकोचा फोन आला. लेझर राहिला का? म्हटलं, राहिला, जागचा हलला नाही. ती म्हणाली, अभिनंदन हो.
थँक्यू म्हटलं.