कमरेची शिवण

प्रिय काकू,

तुमच्या लग्नातला ड्रेस मला कमरेत बसत नाही. मला गेला आठवडाभर शंका होती, पण आज सकाळी मावशीने टेप लावून ते पक्कं केलं. पाठीचे वरचे हूक लागतात, खालचेही लागतात. मधले तीन, ऐन कमरेवरचे, श्वास रोखून धरला तरी लागत नाहीत. मावशीने माझ्या पाठीला गुडघा टेकवून दोन्ही बाजू ओढून बघितल्या, "आत घे पोट, अजून घे," म्हणत राहिली, आणि मग एकदम थांबली. टेप गुंडाळली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चहा टाकायला निघून गेली. मी लहानपणापासून तिच्याकडे राहतेय. तिने प्रश्न विचारला नाही, की समजायचं तिला उत्तर कळलेलं आहे.

रविवारचा राग तुमच्या मनातून गेलेला नसणार. जाईल कसा? लग्न शनिवारवर आलंय, आणि तुमच्या घरी बसून, तुमचाच चहा पीत मी सांगते की हा ड्रेस मला नको, मी बाजारातून नवा घेते. तुम्ही आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त म्हणालात, "आमच्या घरातलं जुनं नको असेल तर तसं सरळ सांग. गळा टोचतो, रंग खुलत नाही, असली कारणं कशाला?" त्यावर ताई म्हणाल्या, "अगं आई, तिला रेक्झिनचा शिवून दे, सवयीचा आहे." तुमचा लेक तेवढा वेळ मोबाइलमध्ये असा काही बघत होता, जणू लग्न दुसऱ्याच कुणाचं आहे. मला ताईंचा राग आला नाही. गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवते मी, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तुम्ही ड्रेसवर मलमल पांघरलीत, काढलीत आणि पुन्हा पांघरलीत. ते बघितल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. शेवटी निघताना मीच तो मागून घेतला, म्हटलं पुन्हा एकदा घालून बघते. तुम्ही खोका हातात दिलात, पण माझ्याकडे बघितलं नाहीत.

आधी एक कबूल करते. गळा टोचत नाही. रंगही खुलतो, सायीसारखा तो रंग मला इतका आवडला की पहिल्यांदा घातला त्या दिवशी मी काढायलाच तयार नव्हते. आठवतं ना? तुम्ही ट्रंकेतून काढून पलंगावर पसरलात, आणि ताई म्हणाल्या, मी एवढी मोठी झाले पण आईने मला याला कधी बोटसुद्धा लावू दिलं नाही. तेव्हा सगळे हूक असे सटासट लागले की तुम्हीच टाळी वाजवलीत. म्हणालात, लग्नात माझी कमरही अशीच होती, मुठीत मावेल अशी. शिंपिणीकडून शिवून आला तसा घातला, एक टाकाही इकडचा तिकडे केला नाही. मग मला हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेलंत, तुमच्या लग्नाच्या फोटोखाली उभं केलंत आणि फोटोतल्या काकांना म्हणालात, "बघा, मिळाली की नाही घालणारी?" मला आई आठवत नाही, काकू. कुणी मला असं कौतुकाने कुणासमोर उभं केल्याचंही आठवत नाही. त्या दिवशी मी मनात ठरवलं होतं, लग्न करीन तर याच ड्रेसमध्ये.

मग काल काय केलं ते सांगते. जेवणाच्या सुट्टीत आमच्या कारखान्यातली मशीनं बंद असतात आणि सगळे बाहेर ओट्यावर डबे घेऊन बसतात. मी मोठ्या टेबलावर धुतलेली चादर अंथरली आणि ड्रेस उलटा करून मांडला. बेत साधा होता. शिवणीत आत जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्याला आम्ही माया म्हणतो. दोन्ही बाजूंची शिवण उसवायची, मायेतून बोटभर बोटभर कापड घ्यायचं, पुन्हा शिवायचं, आणि गुरुवारी ताई बघायला येतील तेव्हा हसत म्हणायचं, माझंच चुकलं, हाच घालते. कुणाला पत्ता लागला नसता. अस्तर मी ब्लेडने अगदी जपून सोडवलं. आमच्या कामात ती सवय लागते. रेक्झिनला एकदा सुई लागली की भोक कायमचं राहतं. सॅटिनही तसंच, चुकीला क्षमा नाही.

अस्तर बाजूला केलं आणि माझा हात तिथेच थांबला. शिवण आधीच सैल केलेली होती. जुन्या मशीनच्या टाक्यांची भोकं आतल्या बाजूला सरळ ओळीत दिसत होती, आणि त्यांच्या बाहेर, अगदी काठाला, हाताने घातलेली नवी शिवण होती. नवी म्हणजे तीही तेवढीच जुनी. दोरा वेगळा, किंचित पिवळसर. टाके बारीक पण घाईचे, कुठे तिरके, कुठे एकावर एक. दुसऱ्या बाजूलाही तेच. माया संपूर्ण घेतलेली, धाग्याएवढीसुद्धा शिल्लक नाही.

क्षणभर माझ्या मनात नको ते आलं. वाटलं, हा ड्रेस दुसऱ्याच कुणासाठी सैल केला असेल, माझ्या आधी तुमच्या लेकाचं कुठे ठरलं असेल आणि मला कुणी सांगितलं नसेल. मग मी दोऱ्याचं टोक बघितलं. शेवटच्या टाक्यातून दोनदा फिरवलेली, वर आडवा वेढा घेतलेली गाठ. ही गाठ मी ओळखते. तुमच्या लेकाच्या शर्टाची बटणं शर्ट फाटेपर्यंत तुटत नाहीत ती याच गाठीमुळे. मी एकदा त्याला विचारलं होतं, कुठल्या शिंप्याकडे जातोस रे, तर म्हणाला, आईकडे. म्हणजे हे टाके तुमचे, काकू. खोलीचं दार लावून, घाईघाईने, लग्नाच्या तोंडावर कधीतरी घातलेले.

मी हिशेब करायला बसले नाही, तो आपोआप होत गेला. ताईंच्या वाढदिवसाला दरवर्षी सांगितली जाणारी गंमत मीही ऐकलीय. आमच्या ताईला जगात यायची भारी घाई, सातव्या महिन्यातच आली, आणि तरी कशी गुटगुटीत! मग तो बाहेरच्या खोलीतला फोटो. काकांचे हात मोकळे आहेत. तुम्ही फुलांचा गुच्छ दोन्ही हातांनी धरलाय, पण छातीशी नाही, बराच खाली. आणि तो दिवस, ताईंच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट निघाली होती तो. "स्टेजवर दोघं कुठे होते, चांगले तिघं होते!" ताई म्हणाल्या आणि सगळी खोली हसली. मीही हसले, हसावं लागतं म्हणून. तुम्ही उठलात आणि धुऊन ठेवलेल्या कपबशा पुन्हा धुवायला लागलात. मला वाटलं, असल्या मुलींचा तुम्हाला एवढा तिटकारा आहे की विषयसुद्धा सहन होत नाही. त्या दिवसापासून मला तुमची भीती बसली. ड्रेस नको म्हणायला लागले तेही त्यानंतरच.

हे सगळं माझ्या डोक्यातलं असू शकतं. लग्नाआधी माणूस खाऊन-पिऊन जाड होतंच, मावशीच सांगते की तिचा ब्लाउज ऐन वेळी उसवला होता. तसं असेल तर मला वेडी म्हणा आणि विसरून जा. पण एक गैरसमज होऊ देऊ नका. तुमचं काहीतरी माझ्या हाती लागलं म्हणून मी हे लिहीत नाही. तुमच्या लेकाला मी यातलं अक्षरही बोललेले नाही, बोलणारही नाही, मावशीलाही नाही. काल ड्रेस घरी नेण्याआधी मी अस्तर पुन्हा होतं तसं टाचून ठेवलं. तुमचा एकही टाका काढलेला नाही. तो काढायचा हक्क माझा नव्हता, एवढं मला त्या टेबलापाशी उभं राहून कळलं, आणि मी ब्लेड खाली ठेवलं. बाहेरून हाका येत होत्या, "डबा घेऊन ये गं नवरीबाई, नंतर नवरा जेवू देईल की नाही कुणास ठाऊक!" मी येते येते म्हणत राहिले, गेले नाही.

आता जे सांगायला बसले ते सांगते. काकू, मला दिवस गेलेत. तिसरा महिना चाललाय. तुमच्या लेकाला माहीत आहे. तो घाबरला नाही, पळालाही नाही. उलट इतका खूश झाला की मलाच त्याला गप्प करावं लागलं. पण तुम्हाला सांगायची वेळ आली की त्याची बोबडी वळते. त्याचं म्हणणं, आत्ता कशाला, लग्न होऊन जाऊ दे, नंतर म्हणू की लवकर झालं, आमची ताई नाही का झाली सातव्यात! हे तो अगदी भाबडेपणाने म्हणाला आणि मी हो म्हटलं. रविवारपर्यंत माझंही हो होतं. पण त्या शिवणीवर हात ठेवल्यापासून माझं हो निघून गेलं. आपलं मूल जन्मल्यापासून आपण दरवर्षी सगळ्यांदेखत एकच गंमत सांगायची, आणि कुणी वेगळ्या मुलीवर हसलं की उठून स्वयंपाकघरात जायचं, हे किती वर्षं जमतं काकू? तुम्हाला जमलं. मला जमणार नाही. मला माझं मूल सातव्या महिन्यात जन्माला घालायचं नाही. ते नवव्यात जन्माला यावं आणि त्याच्या आजीला ते आधीपासून माहीत असावं, म्हणून हे पत्र. ताई तुमच्याकडे राहायला आल्यात, तोंडी बोलायला जागा नाही. म्हणून हे स्वतः तुमच्या हातात देऊन मी दारातूनच परतणार आहे. उद्या दीड वाजता आमची जेवणाची सुट्टी होते. मागच्या गल्लीतलं दार उघडं ठेवते, तिकडून कुणी येत-जात नाही. टेबलावर चादर घालून ड्रेस मांडलेला असेल. त्याच्या खालच्या घेरात आत दुमडलेलं बरंच कापड आहे, त्यातून दोन्ही बाजूंना पट्ट्या घालता येतील. शिवायचं मी बघेन, उसवायचं मात्र तुम्हीच. तुम्ही आला नाहीत तर मी समजेन. अडीचला मशीनं सुरू होतील, संध्याकाळी मी चौकातल्या दुकानातून पहिला बसेल तो ड्रेस घेईन आणि गुरुवारी ताईंसमोर हट्टी, शिष्ट, जे काय ठरायचं ते ठरेन. पण तेव्हाही पोट लपवायला हातात फुलं घेणार नाही, हे तुम्हाला आधी कळलेलं बरं. तुम्ही येईपर्यंत मी अस्तराला हात लावणार नाही.

तुमचीच,
होणारी सून