खड्ड्यात उतरणाऱ्याचे नाव बदलून मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभाग अभियंता साहेब,
लिफ्ट देखभाल व दुरुस्ती विभाग,
तिसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : अर्जदाराच्या हेल्मेटवरील व कामवाटपाच्या फळ्यावरील 'मुका' हे नाव येत्या सोमवारपूर्वी बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ : खड्ड्यातील लाल बटण दुरुस्त करून मिळण्याबाबत अर्जदाराचा गेल्या महिन्याच्या ३ तारखेचा अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

अर्जदार आपल्या विभागात अकरा वर्षे लिफ्ट मिस्त्री आहे व त्याच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नाही. 

१. आपल्या विभागात एकाच नावाची तीन-तीन माणसे असल्याने फोरमनसाहेब प्रत्येकाला कामाच्या पहिल्या दिवशी टोपणनाव देतात. त्या दिवशी माणसाचे जे नजरेत भरेल तेच नाव. ते हेल्मेटवर रंगवले जाते, फळ्यावर लिहिले जाते, आणि कामावर हाकही त्याच नावाने मारतात. अर्जदार हजर झाला त्या दिवशी त्याची दाढ सुजली होती व तोंड उघडत नव्हते. फोरमनसाहेबांनी दोनदा काही विचारले, अर्जदाराने मान हलवली, आणि संध्याकाळी रंग वाळला. दाढ चौथ्या दिवशी काढली. नाव राहिले.

२. ही नावे माणसाला चिकटतात हे साहेबांच्याही पाहण्यात असेल. पहिल्या दिवशी सांडलेल्या चहावरून पाय सटकलेला 'घसऱ्या' पुढे चार वेळा शिडीवरून घसरला व आता काठी घेऊन चालतो. स्टोअरचे कारकून एक दिवस उशिरा हजर झाले म्हणून 'उद्या' झाले, आणि तेव्हापासून त्यांच्या खिडकीतून कोणालाही साधा बोल्ट त्याच दिवशी मिळालेला नाही. या गोष्टींवर सगळे हसतात. अर्जदारही हसत असे.

३. खड्ड्यात काम चालू असताना आपली पद्धत अशी : एक मिस्त्री लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरतो, दुसरा वर बटणापाशी थांबतो. वरच्याने नाव घेऊन हाक मारायची. खालच्याने "बाहेर आलो, चालव" असे उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही तर बटण दाबायचे नाही. हा नियम मशीनच्या खोलीत पत्र्यावर लिहून टांगला आहे. परंतु अर्जदाराच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत वेगळाच शिरस्ता पडला. मुका तो मुकाच, तो काय उत्तर देणार, असे थट्टेने म्हणता म्हणता त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ 'चालव' असा धरला जाऊ लागला. इतरांच्या शांततेने लिफ्ट थांबते, अर्जदाराच्या शांततेने ती सुटते.

४. असे असूनही अर्जदार आजवर जिवंत राहिला तो त्याच्या जोडीदारामुळे. त्यांचे नाव 'सावकाश'. ते तीन हाका मारत, मग गुडघे धरत जिना उतरून बॅटरीने खड्ड्यात डोकावत, आणि अर्जदार बाहेर दिसला की पुन्हा जिना चढून बटण दाबत. ते गेल्या महिनाअखेरीस निवृत्त झाले. नव्या कामवाटपात त्यांच्या जागी दिलेल्या मिस्त्रीचे नाव 'घाई' आहे. पहिल्या दिवशी तो एक तास आधी येऊन कुलपासमोर बसला होता. माणूस मनाने वाईट नाही.

५. दि. ९ रोजी सकाळी अर्जदार खड्ड्यात स्प्रिंगला ग्रीस लावत असता वरून एक हाक आली. अर्जदाराने तोंड उघडले. आवाज आला नाही. लगेच केबिन खाली निघाली. केबिन थांबवणारे लाल बटण दाबले, पण संदर्भातील अर्जात लिहिल्याप्रमाणे ते बंद आहे, नवे बटण श्री. उद्या यांच्याकडे आहे. अर्जदार स्प्रिंगांच्या मधोमध पालथा पडला. केबिनचा तळ हेल्मेटला घासून थांबला व 'मुका' यातले 'का' खरवडले गेले. अर्जदार अजून दुसऱ्या अक्षराकडे पाहू शकत नाही. खाली आल्यावर घाई म्हणाला, "अरे, तू अजून खालीच होतास होय? मला वाटलं, नेहमीसारखा गप्प आहेस म्हणजे झालं असेल." असे म्हणून तो तिथेच पायरीवर बसून रडला. फोरमनसाहेबांनी त्याच दिवशी हेल्मेट मागून घेतले व नाव पुन्हा रंगवून दिले, पूर्वीपेक्षा ठळक. नाव बदला म्हटल्यावर (हे अर्जदाराने चिठ्ठीवर लिहून दाखवले) त्यांचे म्हणणे पडले, "नाव मी नुसतं दिलं. शोभवलंस तू."

६. अर्जदारास आता हीच भीती खात आहे. डॉक्टरांच्या मते घसा ठणठणीत आहे. न्हाणीघरात अर्जदार "बाहेर आलो" असे खणखणीत म्हणतो. पण कोणी हाक मारली की घशाला कुलूप लागते. पत्नी म्हणते, "अहो, निदान हूं तरी म्हणत जा." मुलीने शाळेतल्या निबंधात लिहिले की माझे बाबा फार चांगले आहेत, ते बोलत नाहीत. बाईंनी तिला दहापैकी नऊ दिले.

७. अर्जदार दि. ११ रोजी हे सर्व तोंडी सांगण्यासाठी आपल्या दालनात आला होता. आपण कामात होता. नव्या कामवाटपाचा कागद पुढे करून, मान वर न करता आपण विचारलेत, "काही हरकत?" अर्जदार उभा राहिला. सुमारे अर्धे मिनिट. मग आपण कागदावर 'हरकत नाही' असा शेरा मारून अर्जदाराची सही घेतलीत. साहेब, हरकत होती.

सबब विनंती की, अर्जदाराचे नाव बदलून काहीही ठेवावे, 'ग्रीस' ठेवले तरी चालेल. ते न जमल्यास, अर्जदाराने बाहेर आल्यावर खड्ड्याच्या काठावरून पान्याने केबिनच्या रुळावर दिलेले तीन ठोके हे त्याचे उत्तर समजावे, व ठोके ऐकू आल्याशिवाय बटणाला बोट लावू नये, अशी लेखी ताकीद घाई यास व्हावी. हे ठोके अर्जदाराने घरी जिन्याच्या कठड्यावर वाजवून पाहिले. तिन्ही नीट वाजले.

सोमवारी सकाळी नऊ वाजता अर्जदार खड्ड्याच्या काठावर पाना घेऊन उभा असेल. तोवर आपला लेखी आदेश आला नाही, तर आपल्या शांततेचा अर्थ 'उतर' असा तो धरणार नाही व खाली उतरणार नाही. उत्तर आले नाही तर हलायचे नाही, हे आपल्याच पत्र्यावर लिहिले आहे.

आपला नम्र व उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
अर्जदार, लिफ्ट मिस्त्री
फळ्यावरील नाव : वर दिले आहे, पुन्हा लिहवत नाही
दि. १३, शुक्रवार

सोबत :
१. संदर्भातील अर्जाची प्रत.
२. डॉक्टरांचा दाखला, घसा निर्दोष असल्याबाबत.
३. हेल्मेट. रंगावरून बोट फिरवल्यास खालचा ओरखडा लागतो.