डोळे उघडे ठेवून लावलेला कौल

मंगळ. ११ सप्टेंबर १९७९

पुण्याहून दोन पोती पुस्तकं आली. कुणी वकील वारले, त्यांच्या मुलांनी आमच्या हायस्कूलला देऊन टाकली. हेडमास्तर म्हणाले, "सदा, शिक्के मार, नंबर घाल. धार्मिक एकीकडे, गोष्टी एकीकडे." शिपायालाच ग्रंथपाल केल्यावर दुसरं काय होणार.

दुपारपर्यंत एक्केचाळीस झाली. बेचाळिसावं पातळ. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, कुणी लिहिलं कळायला मार्ग नाही. आत नवस, अंगात येणं, अंगारे, सगळ्यांची सालटी काढलेली. कौलावर तर अख्खं प्रकरण. वाचता वाचता चहा गार झाला.

धार्मिकात ठेवू की गोष्टींत? कुठंच ठेवलं नाही. शिक्काही मारला नाही. सदऱ्याच्या आत घालून घरी आणलं. गुरवाच्या घरात असलं पुस्तक ठेवायचं कुठं? शेवटी नाथाच्या देवळात, नगाऱ्यामागच्या कोनाड्यात. नाथ बघत होता. असला तर.

रवि. १६ सप्टें.

आबांनी आज दोन कौल लावले. एक विहिरीच्या जागेचा, एक सोयरिकीचा. कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, नाथाच्या दोन खांद्यांवर लावायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कळायला लागल्यापासून बघतोय. वडिलांच्या मागं ताम्हन धरून उभा राहतोय. आज पहिल्यांदाच देवाकडं न बघता पाण्याकडं बघत होतो.

आबांनी विचारलं, "ध्यान कुटं हाय?"

"हितंच."

तेवढं खोटं नव्हतं.

सोम. १ ऑक्टो.

ओव्हाळ सरांना पुस्तक दाखवलं. विज्ञान शिकवतात. सरांचं घर बौद्ध, म्हणून देवाधर्माचं गावात त्यांना कुणी विचारत नाही. मीच विचारतो, तेही प्रयोगशाळेचं दार लोटून.

सरांनी मधल्या सुट्टीत एक काच उभी केली. दोन पाकळ्या. एक नीट भिजवून दाबून बसवलेली, एक नुसती ओलसर. ओलसर वाळली, सुटली, पडली. पाच वेळा केलं, पाचही वेळा तीच पडली. सर हसले. मला हसू येईना. आमच्या सात पिढ्यांची भाकरी त्या काचेवरनं खाली पडत होती.

सरांना विचारलं, तुमच्या घरी देव सोडताना भीती नाही वाटली? म्हणाले, "वाटली असेल. पण वडिलांनी चावडीपुढं उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आजपासून हे देव आमचे नाहीत. वर्षभर कुणी मजुरीला बोलावलं नाही. पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा तेच सांगितलं."

आणि मी पुस्तक नगाऱ्यामागं ठेवतो.

गुरु. १८ ऑक्टो.

आबा देवळाच्या पायरीवरून घसरले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. म्हणजे पूजा, नगारा, कौल, सगळं आता माझ्याकडं. सौ. खूश. तिला वाटतं, नवरा मार्गाला लागला.

आबांनी खाटेवरून धडा दिला. "फूल लावताना डोळं मिटायचं. वलं किती, दाबलं किती, बगायचं न्हाई. लावायचं आन मागं सरायचं. हात तुजा लागंल, पर मन घालू नगंस."

सत्तर वर्षांचा माणूस, जन्मभर डोळे मिटून पाकळ्या लावत आला. हे मला ठाऊकच नव्हतं. मागं उभा असायचो ना, पाठच दिसायची.

रवि. ११ नोव्हें.

लिहू की नको. लिहितोच.

वरच्या वस्तीवरची ठकूमावशी आली. घरी पाचपन्नास मेंढरं, शेरडं. तिचा नवरा महादूमामा, पोटात गाठ. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलंय, लवकर ऑपरेशन करा. भावकी म्हणते, पोट फाडलेला माणूस कामाचा राहत नाही, त्यापेक्षा अंगारा लावा. मामा सुकून काटकी झालाय. मावशी म्हणाली, "आमी दोगांनी बी ठरीवलंय, नाथ सांगल तसं."

मला ठाऊक होतं डॉक्टरचं बरोबर आहे. उजवी म्हणजे ऑपरेशन; डावी पडली असती तर माणूस अंगाऱ्यावर मेला असता. मी डावी पाकळी बुडवून दाबून बसवली. उजवी धोतराला पुसली. डोळे उघडे होते.

पाच मिनिटांत उजवी पडली. "उजवा दिला! नाथानं उजवा दिला!" मावशी पायरीवर डोकं टेकून रडली. माझ्याही पाया पडायला आली, मी मागं सरलो. आबा बाहेरून सगळं ऐकत होते. म्हणाले, "पैल्याच खेपेला एवडा सपष्ट कौल. हात चांगला हाय तुजा."

जेवलो नाही. सौ.ला वाटलं उपास.

सोम. १२ नोव्हें.

ओ. सरांना सांगितलं. वाटलं होतं पाठ थोपटतील. ते रागावले, मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"ऑपरेशन कर म्हणून तू तुझ्या तोंडानं सांगितलं होतंस का त्यांना?"

"माझं कोण ऐकणार, सर?"

"ते मी विचारलं नाही. सांगितलं होतंस का?"

नव्हतं. एकदाही नाही. मामा तीन महिने झिजत होता, मी रस्त्यात भेटलो की 'बरं हाय का' विचारून पुढं जात होतो.

सर म्हणाले, "खरं सांगायला तुला देवाचं तोंड लागलं. आणि वर म्हणतोस, मी मानत नाही."

मला राग आला. म्हटलं, माणूस वाचेल ते बघा की. सर वर्गावर निघून गेले.

शनि. २४ नोव्हें.

मामाचं ऑपरेशन झालं. गाठ काढली. निरोप्या म्हणाला, पेज प्याला. सरांना मुद्दाम जाऊन सांगितलं. तेही म्हणाले, चांगलं झालं. गाडी घाटातून उतरावी तसा हलका झालो. देवळात आज दोन परगावची माणसं, सदाच्या हातचा कौल पाहिजे म्हणून. डोळे मिटून लावला. यापुढं मिटूनच लावायचा, असं ठरवलं. एकदाच केलं, चांगल्यासाठी केलं, विषय संपला.

गुरु. २९ नोव्हें.

महादूमामा गेला. ताप भरला, उतरलाच नाही. दुपारी गाडीतून आणला.

वस्तीवर गेलो. मागंच उभा राहिलो, कुडाशी. मामाचं कुत्रं ओळखीचं, पायाशी येऊन बसलं.

मंगळ. ११ डिसें.

तेरावं. ठकूमावशीनं मला मुद्दाम आत बोलावलं. म्हणाली, "लोक म्हनत्यात, पुण्याला नेलं म्हनून गेला. म्हनू द्यात. मी नाथाला इचारून नेलं. त्यानं सांगितलं, आमी ऐकलं, त्येच्या मनात त्याला न्ह्यायचं व्हतं. माज्या जिवाला रुखरुख न्हाई बग, सदा. तू व्हतास म्हनून."

तू होतास म्हणून.

पानावर वाढलेलं खाल्लं. कसं खाल्लं कुणास ठाऊक. निर्लज्ज पोट.

रवि. ६ जाने. १९८०

ओ. सर म्हणतात, ऑपरेशनचा सल्ला बरोबरच होता, नाहीतर महिन्यात गेलाच असता. पटतं. पण जे पटतं त्यानं घास उतरत नाही. सरांना विचारलं, मावशीला खरं सांगू? म्हणाले, "सांगायलाच पाहिजे." म्हटलं, तिची रुखरुख नाही ती मी देऊ? सर मग म्हणाले, "मला माहीत नाही, सदा." सरांना एखादी गोष्ट माहीत नाही, हे पहिल्यांदा ऐकलं.

पुस्तक पुन्हा उघडलं. कौल कसा पडतो ते सगळं आहे. पाडल्यावर काय करायचं, एक ओळ नाही.

रवि. १७ फेब्रु.

सकाळी नऊ. ठकूमावशी परत आली. बरोबर सुली, तिची लेक. दिवस भरत आलेत. नर्सबाई म्हणते मूल आडवं आहे, बाळंतपण पुण्यालाच करा. सुलीची सासू म्हणते, आमच्यात कुणी गेलं नाही, आणि बाप तिथंच गेला ना? सुली देवळाच्या खांबाला धरून उभी. पाय सुजलेले.

मावशीनं ताम्हनात कण्हेर ठेवली. "लाव कौल. तुजा हात खरा हाय."

आबांचं प्लास्टर निघालंय, पण मनगटात जोर नाही. तेही म्हणाले, लाव.

पाकळ्या हातात घेतल्या आणि परत ताम्हनात ठेवल्या. म्हटलं, "मावशी, देवाला नको विचारू. मी सांगतो, ने तिला पुण्याला."

"तू सांगून काय व्हतंय? नाथाला सांगू दे. मागल्या येळंला बी त्यानंच सांगितलं व्हतं."

"मागच्या वेळी मीच सांगितलं होतं."

तिला कळेना. मग सगळं सांगितलं. पुसलेली पाकळी, दाबलेली पाकळी, उघडे डोळे. आबांकडं न बघता सांगितलं. बोलताना आवाज लहान पोरासारखा चिरकत होता, त्याचीही लाज वाटली.

मावशी खाली बसली. मग म्हणाली, "मग आमचं मालक गेलं, ते कुनाच्या शब्दावर?"

"माझ्या."

ती शिव्या देईल असं वाटलं होतं. द्यायला पाहिजे होत्या. तिनं ताम्हनातली फुलं एकेक करून पदरात परत घेतली, सुलीचा हात धरला आणि गेली. देवाच्या पाया पडली नाही.

सोम. १८ फेब्रु.

आबा कालपासून बोललेले नाहीत. आज नगाऱ्यामागं हात घालून त्यांनी पुस्तक काढलं. ठाऊक होतं म्हणे, दसऱ्यापासून. झाडताना सापडलं होतं, वाचता येत नाही म्हणून परत ठेवलं.

"ह्यात काय लिवलंय?"

सांगितलं. देव कौल देत नाही, पाणी देतं.

"आसं बी लिवलंय का, की लोकास्नी देवाच्या नावानं फशीव?"

"नाही."

"मग ती लबाडी पुस्तकाची न्हवं. तुजी."

पुस्तक माझ्या हातात दिलं. फाडलं असतं तर बरं वाटलं असतं.

बुध. २० फेब्रु.

ठकूमावशी शाळेत आली. कपाटाच्या खोलीच्या दारात उभी, आत येईना. बाहेर थांब्याच्या दगडावर सुली, शेजारी गाठोडं.

म्हणाली, "नाथाफुडं जायाला मन घेईना. पाकळी पडली तरी आता वाटंल, कुनीतरी पाडली." थांबली. "इतकी वर्सं एक ठिकान व्हतं इचारायला. त्ये तू घिऊन गेलास. मग आता तूच सांग. जाऊ का?"

"जा."

"समदं नीट हुईल?"

काय सांगणार. हो म्हटलं तर परत तेच, दुसऱ्याच्या तोंडानं बोलणं. म्हटलं, "ठाऊक नाही, मावशी. पण जा. मी येतो बरोबर."

"तू नगं येऊस." जरा वेळानं, "नाथानं 'ठाऊक न्हाई' आसं कदी म्हनलं नसतं."

स्वारगेटची एस.टी. आली. आधी सुलीला चढवली, मग गाठोडं, मग ती. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथं. हेडमास्तरांनी दोनदा घंटा वाजवली, मला ऐकूच आली नाही.

शनि. २३ फेब्रु.

निरोप नाही. ओ. सर म्हणतात, निरोप नाही म्हणजे सगळं ठीक असणार. सरांना कसं कळलं? त्यांनाही विचारलं तसं. ते माझ्याबरोबर थांब्यावर येऊन उभे राहिले.

पुस्तकावर आज शिक्का मारला. नंबर ४२. धार्मिक की गोष्टी, हेडमास्तरांनी विचारलं. टेबलावरच राहू द्या म्हटलं.

सकाळची गोष्ट. पूजा आटपल्यावर आबांनी डाव्या हातानं परडी ओढली. "सुलीचा कौल लावू का?" मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून 'लावा' निघालं. आबांनी दुखऱ्या हातानं पाकळ्या भिजवल्या, डोळे मिटले. मी बघत थांबलो नाही. चप्पल न घालता बाहेर आलो, पिंपळाच्या पारावर बसलो.

आबा बाहेर आले ते हात पुसत. कुठली पडली ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

पुण्याहून साडेपाचची गाडी अजून यायची आहे.